दुसऱ्या गालावरचा तीळ

“ओरिजिनलला हात लावायचा नाही, गिरू. कितीदा सांगायचं?”

दादा माझ्या खुर्चीमागे येऊन कधी उभा राहिला ते मला कळलंच नाही. समोर स्क्रीनवर एका रिटायर्ड गुरुजींचा जुना फोटो होता, बुरशी लागलेला, आणि मी ते बुरशीचे ठिपके भराभर पुसत सुटले होते.

“आधी लेयरची कॉपी काढ. खालचा फोटो तसाच राहू दे. वरच्याचा विचका झाला तर वरचा उडवता येतोय. ओरिजिनल गेलं की गेलं.”

“होय, गुरुजी,” मी म्हटलं.

“आणि एवढं जवळ जाऊन बसलीयस, त्यांचं कपाळ तरी कुठाय दिसतंय का तुला? झूम करून काम कर, पण मधनंमधनं लांब होऊन सगळा चेहरा बघ. नाहीतर नाक सुधारता सुधारता माणूसच बदलतोय.”

गडहिंग्लजच्या बाजारात, सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, वाढदिवसाचे बॅनर, दुखवट्याचे बॅनर, सगळं चालायचं. मी मजकूर टाइप करून पानं लावायची आणि दादा डिझाइन आणि फोटो बघायचा. त्याचं नाव बसवराज, पण गिऱ्हाइकंही त्याला दादाच म्हणायची. हात असा की पार फाटलेल्या, पाण्यात भिजलेल्या फोटोतनं तो कुणाचाही आजा पुन्हा उभा करायचा. लोक फोटो बघून दुकानातच डोळे पुसायचे आणि हा कावराबावरा होऊन म्हणायचा, “पाणी देऊ काय?”

त्याचे नियम मात्र सोवळ्यासारखे होते. कटिंगच्या रेघेबाहेर रंग सोडायचाच, नाहीतर कापल्यावर कडेला पांढरी रेघ दिसते. प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्र करूनच द्यायची, नाहीतर तिकडच्या मशीनवर तो फाँट नसला तर नवरदेवाच्या नावाच्या जागी चौकोन छापून येतात. चेहऱ्यावरचा डाग काढायचा तर डागाएवढाच काढायचा, मऊ ब्रशनं, शेजारचीच कातडी क्लोन स्टँपनं उचलून. उजेड कुठनं आलाय ते आधी बघायचं आणि मगच माउसला हात लावायचा. माझी निम्मी अक्कल या नियमांची आहे आणि उरलेली निम्मी ते मोडल्यावर आलेली.

हे सगळं सांगते आहे ते माझ्या स्वतःच्या फोटोमुळे.

माझ्या डाव्या गालावर पोळल्याचा डाग आहे. मी सहाएक वर्षांची असताना काकांच्या गुऱ्हाळावर झालं ते. मला गरम काकवी पाहिजे होती. मोठी माणसं “लांब सरा, पोरांनो” म्हणून ओरडत होती, आणि मी दादाच्या मागं लागलेली. शेवटी माझी भुणभुण ऐकून दादानं रसाच्या काईलीतनं पळीभर काकवी गुपचूप काढून आणली. ती बघून मी आनंदानं उडी मारली. माझं डोकं त्याच्या कोपराला लागलं आणि पळी गालावर आली. काकवी पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून बसते.

मला त्यातलं काही आठवत नाही. दादाला सगळं आठवतं, आणि ते आमच्या घरात कायम मुक्कामाला असल्यासारखं होतं. शेंगदाण्याची चिक्की असो नाहीतर नवी सायकल, त्याच्या वाट्याचं माझ्याकडे यायचं. मीही शहाणी, कधी नको म्हटलं नाही. पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात जायची त्याची फार इच्छा होती, पण गेला नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुढं त्याला स्थळं यायला लागली, तेव्हा तो एकच वाक्य बोलायचा. “आधी गिरूचं होऊ दे.” अव्वा, म्हणजे आमची आई, मग माझ्याकडे बघायची आणि मी भिंतीकडे बघायची. कुणाच्या तरी अपराधाचं गाठोडं होऊन जगणं फार जड असतं. आणि ते गाठोडं वाहणारा आपल्यावर जीव टाकत असला की ओरडताही येत नाही.

त्यात संकेश्वरचं एक स्थळ फोटो बघून परत गेलं. पत्रिका जमत नाही, असं त्यांनी कळवलं.

“पत्रिका कसली?” दादा जेवता जेवता हात झटकून म्हणाला. “मला कळत नाही होय?”

“अरे, खरंच नसेल जमत,” अव्वा म्हणाली. त्या रात्री तो पुढं जेवला नाही.

पुढं निपाणीचं स्थळ आलं. मुलगा शिवानंद मगदूम, ऑफसेट प्रेसमध्ये प्लेटमेकिंग, म्हणजे छपाईच्या प्लेटा करायचं काम बघणारा. माहिती आणि फोटो पाठवा, असा निरोप होता. चुलतबहिणीच्या लग्नातला माझा एक फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर होता. मी तो उघडला, तेवढ्यात दादा म्हणाला, “सरक, मी करतो.”

मला नवल वाटलं. गावातल्या सगळ्या पोरींचे फोटो त्यानं केले होते, माझ्या फोटोला कधी हात लावला नव्हता. मी चहा सांगायला खाली गेले आणि येईपर्यंत त्याचं कामही झालं होतं. प्रिंटरमधनं फोटो बाहेर येत होता आणि त्यातला माझा डावा गाल लोण्यासारखा गुळगुळीत होता.

“दादा, हे काय?”

“काय?”

“काय म्हणजे? डाग कुठाय?”

“जरा साफ केला. सगळ्यांचाच करतो की आपण.”

“मुरमं साफ करतो आपण. आणि ते घरी आल्यावर काय करणार तू? दारातच माझ्या तोंडावर क्लोन स्टँप मारणार?”

तो हसला नाही. प्रिंटरकडे तोंड करून म्हणाला, “घरी येऊ दे तरी, गिरू. तू बोललीस की त्यांना कळेल तू काय आहेस ते. पण त्यासाठी त्यांनी उंबऱ्याच्या आत यायला पाहिजे का नको? फोटो बघूनच परत जायला लागले तर…”

मला राग आला होता, पण त्याच्या तसल्या बोलण्यापुढं माझा राग टिकायचा नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. “तुझं तू बघ,” म्हणून मी पतसंस्थेचा ताळेबंद टाइप करायला बसले. तो फोटो मी पुन्हा हातातसुद्धा घेतला नाही. तिथंच चुकलं.

निपाणीची मंडळी रविवारी सकाळी आली. शिवानंद, त्याची मावशी आणि मामा, तिघंच. त्याच्या आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती आली नव्हती. शिवानंद अंगानं किरकोळ, आणि बोलायच्या आधी समोरच्याचं सगळं ऐकून घेणारा होता. मी पाणी घेऊन बाहेर आले तेव्हा दादा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता, शाळेत निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा, हात मांड्यांत दाबून.

मावशीनं तांब्या घेतला, माझ्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, “अगं बाई, हे काय लागलंय गालाला?”

अव्वानं पदर सावरला. “लहानपणी जरा…”

दादा उठून उभा राहिला. “माझ्या हातनं पोळलंय,” तो म्हणाला. “काकवी सांडली. तिचा काही दोष नाही.”

एवढ्या मोठ्यानं बोलायची काही गरज नव्हती. मामा दचकून त्याच्याकडे बघायला लागले.

“पोळलं होय,” मावशी म्हणाली, आणि तिनं बाही वर केली. “हे बघ माझं. थालीपीठ उलटताना तव्यावर हात पडलेला. चुलीपाशी वावरणाऱ्या बाईच्या अंगावर डाग नसला तरच नवल.” मग तिचा चेहरा जरा आवळला. “डागाचं काय घेऊन बसलाय? पण फोटोत नव्हता की हा. एक झाकलं म्हटल्यावर माणूस दुसरं शोधायला लागतंय, खोटं सांगू नये.”

पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. मी दादाकडे बघितलं. तो परत स्टुलावर टेकला होता. मला मोडणाऱ्या लग्नाचं वाईट वाटत नव्हतं, शिवानंदला मी पुरतं बघितलंही नव्हतं. वाईट वाटत होतं ते याचं, की हे मोडलं तर दादा तेही स्वतःच्या खात्यावर लिहून घेणार होता. काकवीच्या खाली आणखी एक ओळ.

शिवानंदनं शर्टाच्या खिशातनं माझा फोटो काढला.

“मावशी, मला येण्याआधीच माहीत होतं,” तो म्हणाला. मग दादाला विचारलं, “हे काम तुमचं काय?”

“होय.”

“रागावू नका. आमचं काम म्हणजे दिवसभर भिंग लावून प्लेटा बघत बसायचं, त्यामुळं डोळ्याला खोड लागलीय.” त्यानं फोटो दादाच्या पुढं धरला. “यांच्या उजव्या गालावर तीळ आहे. फोटोत तोच तीळ डाव्या गालावर पण आहे. तितकाच, त्याच जागी. उजवा गाल उचलून, उलटा करून इकडं बसवलाय. नाकाची सावली ज्या अंगाला पडलीय, त्याच अंगानं या गालावर उजेड आलाय.”

मी जवळ जाऊन बघितलं. खरंच दोन तीळ होते. अव्वानंही चष्मा लावून बघितलं आणि “अगं बाई” म्हणाली.

“कडा इतक्या सुंदर मिसळल्यात की आमच्याकडं कुणाला जमणार नाही,” शिवानंद म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कोडं पडलं होतं. “म्हणून तर मला समजेना. असं काम करणारा माणूस तीळ कसा विसरेल? आणि आता इथं येऊन बघतोय तर आणखीनच समजेना. एवढासा तर डाग. दोन मिनिटांत जागच्या जागी निघाला असता. त्याच्यासाठी अख्खा गाल कशाला बदलला?”

दादा फरशीकडे बघायला लागला.

“खरा फोटो असेल ना?” शिवानंदनं विचारलं. “आईला मी हाच दाखवलाय. आता खरा दाखवल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. बघून ती काय म्हणायचं ते म्हणेल.”

“ओरिजिनल नाही,” दादा म्हणाला. “मी त्याच्यावरच केलं. तसंच सेव्ह करून टाकलं.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. ज्या माणसानं मला कॉपी काढल्याशिवाय कुणाच्या टोपीलासुद्धा हात लावू दिला नाही, त्यानं माझ्या तोंडाची कॉपी ठेवली नव्हती.

“नवीन काढून पाठवा मग,” शिवानंद उठत म्हणाला. मावशी पोहे न खाताच उठली, पण जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेली.

मंडळी गेल्यावर अव्वा एवढंच म्हणाली, “जा आत्ताच, फोटो काढा जावा. उद्यावर टाकलं की राहील.”

दादाच्या गाडीवर मी मागं बसले. त्या गाडीचा डावा आरसा कायम बाहेरच्या बाजूला फिरवलेला असायचा. त्यात गटारं आणि कुत्री सोडून काही दिसायचं नाही. मी त्यावरनं त्याची किती थट्टा केली होती. “मागनं ट्रक आला तर काय करशील?” असं विचारलं की म्हणायचा, “उजवा आहे की.” त्या दिवशी दुकानापर्यंत जाताना मी त्या आरशाकडे बघत राहिले आणि शिवानंदचा प्रश्न माझ्या डोक्यात फिरत राहिला. अख्खा गाल कशाला बदलला?

दुकानात शिरले तर टेबलंही मला वेगळी दिसायला लागली. माझं टेबल खिडकीला लागून होतं, माझा डावा गाल खिडकीकडे आणि उजवा दादाकडे. मला वाटायचं, माझ्या डोळ्यांना उजेड बरा म्हणून त्यानं तसं लावलंय. जेवायला बसतानाही तो माझ्या उजव्या हाताला बसायचा. तिथं तर खिडकीही नव्हती.

फोटोसाठी कोपऱ्यात निळा पडदा आणि दोन दिवे होते. मी स्टुलावर बसले. दादानं कॅमेरा घेतला, एक दिवा सरकवला, परत होता तिथं ठेवला.

“मान जरा डावीकडं वळव,” तो म्हणाला. “अजून जरा.”

“का?”

“उजेड बरा येतोय.”

“दोन्हीकडं सारखेच दिवे आहेत, दादा. समोरनं घे.”

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला. लेन्स पुसली. पुन्हा लावला.

“तू माझ्याकडं बघत नाहीस,” मी म्हटलं.

“काय बोलायलीस?”

“या बाजूनं तू माझ्याकडं कधी बघितलंच नाहीस. गाडीवर नाही, जेवताना नाही, इथंही नाही. माझा फोटो केलास तोसुद्धा न बघताच केलास. झूमही केलं नसशील.”

तो कॅमेऱ्याशी बोलल्यासारखं म्हणाला, “सोललेलं होतं गं ते सगळं. कानापासनं हनुवटीपर्यंत. डॉक्टर पट्टी बदलायचे तेव्हा तू ओरडायचीस, आणि मी दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसायचो. एकदा आत आलो आणि बघितलं. त्याच्यानंतर मला… मला नाही बघवत, गिरू. फोटो उघडला की तेवढी बाजू हातानं झाकतो मी.”

मला त्याची दया आली, आणि रागही तितकाच आला. त्यानं एवढी वर्षं कुणाची सेवा केली होती? माझी की त्या पट्टीतल्या पोरीची? ती पोरगी तर केव्हाच बरी होऊन शाळेत गेली, भांडली, मोठी झाली. मी त्याला ओढून म्हणायला पाहिजे होतं, की हे बघ, मी इथं आहे. पण त्याच्या वाट्याची चिक्की खाताना मला ते सुचलं नाही, याची टोचणी मला आजही आहे.

“दादा,” मी म्हटलं, “कॅमेरा ठेव खाली. नुसत्या डोळ्यानं बघ.”

“नको.”

“तूच म्हणतोस ना, लांब होऊन सगळा चेहरा बघायचा? बघ. नाहीतर मी इथनं उठत नाही, आणि निपाणीला फोटोही जात नाही.”

त्यानं कॅमेरा टेबलावर ठेवला. मान वर केली. आधी माझ्या कपाळाकडे बघितलं, मग उजव्या गालाकडे, ओळखीच्या बाजूला. मग डोळे हळूच इकडं आले. मी हललेही नाही. खालच्या दुकानात कुणीतरी सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरत होतं, त्याचा आवाज येत होता.

दादा पुढं आला. अजून पुढं आला. वाकून बघायला लागला.

“एवढाच?” तो म्हणाला.

माझ्या गालावरचा डाग चिंचोक्यापेक्षा जरा मोठा आहे. फिकट, थोडा चकचकीत. उन्हात जास्त दिसतो, इतर वेळी अगदी जवळनं बघितल्याशिवाय कुणाचं लक्ष जात नाही.

“एवढाच,” मी म्हटलं.

“बाकीचं कुठं गेलं?”

“बरं झालं, दादा. कधीच बरं झालं.”

त्यानं बोट पुढं केलं, पण डागाला लावलं नाही. तिथंच खाली फरशीवर बसला, आणि एवढा मोठा माणूस माझ्या स्टुलाच्या पायाला धरून हमसून हमसून रडायला लागला. “मला वाटलं, तसंच असेल अजून,” एवढंच परत परत म्हणत होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “पाणी देऊ काय?”

फोटो त्यानं नंतर काढला, समोरनं. कॉम्प्युटरवर घेतला, मोठा केला, माझा डावा गाल स्क्रीनभर झाला तरी मान वळवली नाही. लेयरची कॉपी काढली नाही. काढायची गरजच नव्हती, कारण तो त्या फोटोला काहीच करणार नव्हता.

पुढं शिवानंदच्या आईनं फोटो बघून काय म्हटलं ते सांगत बसत नाही. मी हे निपाणीत बसून लिहिते आहे, त्यावरनं काय ते समजा. त्याच वर्षी दिवाळीनंतर दादाचंही लग्न झालं, आणि त्याच्या बायकोच्या साडीचा रंग मी निवडला.

पण त्या दिवसाचं एवढं सांगायचं राहिलं. दुकानाला कुलूप लावून आम्ही खाली आलो. दादानं गाडीला किक मारली, मी मागं बसले. गाडी सुरू करून तो निघालाच नाही. मी म्हटलं, “काय विसरलास?” त्यानं डावा हात पुढं करून बाहेर फिरवलेला तो आरसा आत वळवायला घेतला. इतकी वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता, त्यामुळं तो गंजून घट्ट बसला होता, वळता वळेना. शेवटी एकदाचा करकरत आत आला.

त्यात माझा डावा गाल दिसत होता. दादा त्यात बघतोय हे मला दिसलं, म्हणून मी त्याला जीभ काढून दाखवली.